तीस टक्के

कॉलेज रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर कांकरियांनी हातात आरसा दिला
आणि म्हणाल्या, हसा.
मग म्हणाल्या, आता हसू नका.
दोन्ही वेळा रेषा तिथेच होत्या,
नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत,
डावी जरा खोल.
डाव्या कुशीवर झोपता? त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, झोपते तरी कुठे, सीझन आहे लग्नाचा.
त्या हसल्या. मी त्यांच्या रेषा पाहून घेतल्या.
सवय आहे.

रविवार कारंजावर माझा फोटो स्टुडिओ.
सव्वीस वर्षं लोकांचे गाल पुसतेय,
आधी निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने,
आता माऊसने.
आणि समोरचा हसावा म्हणून
दरवेळी आधी मी हसते, कॅमेऱ्यामागून,
जे कुठल्याच फोटोत येत नाही.

डॉक्टर समजावत होत्या:
गालातली चरबी ओसरते, खाली सरकते,
कातडीचा ताण सैल पडतो,
ऊन तर आहेच. स्कूटरवर तोंड बांधता का?
बांधते. धुळीसाठी.
सकाळी सनस्क्रीन, न चुकता.
रात्री वाटाण्याएवढं क्रीम, आधी थोडं चुरचुरेल.
लेझरच्या बैठका.
किंवा फिलर, म्हणजे सुईने जेल भरायचं,
वर्षभर टिकतं, मग आपोआप विरतं.
पूर्ण जातील? मी विचारलं.
पूर्ण घालवायच्या नसतात, त्या म्हणाल्या,
सौम्य करायच्या.

हे मला कुणी सांगायला नको होतं.

कळवणकडचा निवृत्ती पगार आला होता,
आईच्या नवव्या दिवशी, संध्याकाळी.
उद्या रामकुंडावर दहावा,
फोटो बारा बाय अठरा, फ्रेमसकट.
मोबाईलवर एकच फोटो, तोही कुणाच्या बारशातला.
मी मागची माणसं काढली, डाग काढले,
हात वळला तसा गालांवरूनही फिरला.
तो बराच वेळ बघत राहिला.
ताई, फोटो झकास आहे, म्हणाला,
पण ही आई नाही.
तिची धाकटी बहीण असती, कधी न हसलेली,
तर अशी दिसली असती.
तिच्या त्या खाचा कुठे गेल्या?
तिथे घाम साचायचा तिचा,
पदराच्या टोकाने पुसायची, आधी ही, मग ती.

मूळ फोटोवर परत गेले तर तो अंधुक,
मोठा केला की गाल नुसता ठिपक्यांचा.
मग शटर अर्धं ओढून
रात्री अकरापर्यंत मी ठकूबाईंच्या रेषा काढल्या
आणि तो मागे उभा राहून सांगत होता:
अजून खाली. अजून.
ही बाजू जास्त, इकडून मिश्री लावायची.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
कुणाला म्हातारं करून दिलं.
झालं, तो म्हणाला,
आणि टेबलावरची कात्री उगाच सरळ करून ठेवली.
पैसे मी कापले तेवढेच घेतले, कागदाचे.

माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते.
खरी नोट डोळे मिटून कळते म्हणायचे,
अंगठा फिरवायचा,
रेघ लागली पाहिजे.

यातलं डॉक्टरांना काही बोलले नाही.
बाहेर सात नंबर बसलेला होता.
एवढंच विचारलं, तीस टक्के ठेवता येतील का?
आम्ही तेवढ्या ठेवतो, नाहीतर चेहरा
उकडून सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो.
त्या म्हणाल्या, असं आकड्यात नाही सांगता येत.
बरोबर आहे. त्यांच्याकडे मागे जायचं बटण नाही.

सनस्क्रीन घेतलं. क्रीम घेतलं, महाग आहे.
फिलरची तारीख मात्र
रिसेप्शनवरच्या मुलीला पेन्सिलीने लिहायला सांगितली.
पेन्सिल नाही, ती म्हणाली.
पर्समधून माझी काढून दिली,
आणि ती लिहीपर्यंत तिच्याकडे बघून,
का कोण जाणे,
हसत राहिले.